खोबऱ्यात लोळवलेला गव्हर्नर

मुलाच्या शाळेतून एक कागद आला. वर लिहिलं होतं ‘लॅमिंग्टन ड्राइव्ह’ आणि खाली डझनाचा भाव. ब्रिस्बेनला येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. कागद हातात धरून मी स्वयंपाकघरात उभा राहिलो आणि खरं सांगतो, मला सोल्डरिंगचा वास आला.

गिरगावात वाढलेल्या पोराला लॅमिंग्टन म्हटलं की दुसरं काय आठवणार? ट्रान्झिस्टर, आयसी, तांब्याच्या तारेची भेंडोळी, ‘ओरिजनल आहे, सिंगापूरचा माल’ असं शपथेवर सांगणारा दुकानदार आणि घरी पोचेपर्यंत राम म्हटलेला तो ओरिजनल माल. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी लॅमिंग्टन रोडवर जितका हिंडलो तितका वर्गात बसलो नाही. तो रस्ता आता डझनाच्या भावाने विकायला काढलाय की काय?

“केक आहे तो,” बायको म्हणाली. “चौकोनी. आमच्या ऑफिसात असतो चहाबरोबर.”

स्पंज केकचा चौकोनी तुकडा पातळ चॉकलेटमध्ये बुडवायचा आणि सुक्या खोबऱ्याच्या बारीक किसात लोळवायचा, की झाला लॅमिंग्टन. काही घरांत मध्ये जॅम आणि क्रीम घालतात, काही घरांत त्या नुसत्या कल्पनेनेच कपाळाला आठ्या पडतात. शाळा, स्काउट, गावची अग्निशमन तुकडी, कुणालाही पैसे उभे करायचे असले की लोक जमतात, ढिगाने लॅमिंग्टन करतात आणि ओळखीपाळखीत विकतात. आपल्याकडे वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन दार वाजवतात, इथे खोबरं घेऊन.

दोन्ही लॅमिंग्टन एकच, हे मला त्या रात्री कळलं. मुळात लॅमिंग्टन हे स्कॉटलंडमधलं एक छोटं गाव. त्या गावचं नाव लावणारे चार्ल्स कॉक्रन-बेली, म्हणजे दुसरे बॅरन लॅमिंग्टन, १८९६ ते १९०१ क्वीन्सलंडचे, म्हणजे ब्रिस्बेन ज्याची राजधानी त्या प्रांताचे, गव्हर्नर होते आणि १९०३ ते १९०७ मुंबईचे. इथे त्यांच्या नावाचा केक झाला, तिथे रस्ता. वाटणी उलटी झाली असती तर माझी ती चार वर्षं बरीच गोड गेली असती. १९४० साली लंडनच्या कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर याला गोळ्या घातल्या, तेव्हा त्या सभेला हे म्हातारे लॅमिंग्टनही हजर होते. एक गोळी त्यांच्या हाताला लागली. माणूस कुठे कुठे सापडावा!

केक नेमका कुणी काढला याबद्दल मात्र नाना कथा आहेत. अचानक पाहुणे आले, घरात फक्त शिळा स्पंज, मग साहेबाच्या आचाऱ्याने तो चॉकलेटमध्ये बुडवला. हे ब्रिस्बेनला घडलं म्हणावं तर टूवूंबा शहराचे लोक चिडतात, कारण त्यांच्या मते ते त्यांच्याकडे घडलं. नाव साहेबाचं नसून मडमेचं, असंही कुणी सांगतं. माझं मत विचाराल तर हा वाद व्यर्थ आहे. फोडणीच्या पोळीचा कर्ता कुणाला ठाऊक आहे का? शिळं उरलं आणि पाहुणा दारात आला, की कोणत्याही घरात काहीतरी जन्माला येतंच.

तर शनिवारी सकाळी सात वाजता मी शाळेच्या हॉलमध्ये हजर. उत्साहाच्या भरात पहाटे उठून स्वतः स्पंज भाजून नेला होता. हॉलचा ताबा सत्तरी उलटलेल्या एका इटालियन आजींकडे होता. त्यांना सगळे, अगदी शाळेतली पोरंसुद्धा, नावाने हाक मारतात. मला ते अजून जमत नाही. त्यामुळे माझं त्यांच्याशी प्रत्येक वाक्य ‘एक्स्क्यूज मी’ने सुरू होतं. आजींनी माझा केक बोटाने दाबून पाहिला आणि बाजूला ठेवला. ताजा चालत नाही, कालचा हवा. मला वाटलं, बाई उगाच नखरे करताहेत, म्हणून त्यांची पाठ वळल्यावर एक तुकडा चॉकलेटमध्ये सोडला. काट्याने उचलायला गेलो तर वर नुसता काटा आला. केक तळाशी लापशी होऊन बसला होता. त्यानंतर माझी नेमणूक खोबऱ्यावर झाली.

चॉकलेटच्या पातेल्यावर माझ्याशेजारी एक व्हिएतनामी बाप होता. त्याचे आईवडील सायगाव पडल्यावर बोटीने निघाले आणि शेवटी ब्रिस्बेनच्या इनालात स्थिरावले. पलीकडे आजी केक कापत होत्या. इटालियन बाई कापतेय, व्हिएतनामी बुडवतोय, मराठी लोळवतोय, म्हणजे अगदी सरकारी पोस्टरचं चित्र. त्या पोस्टरात आमचे एप्रन मात्र इतके बरबटलेले नसते. या कामाचा एकच नियम आहे: एक हात कोरडा, एक ओला. ओल्या हाताने खोबऱ्याला शिवलात की पाच बोटांचे पाच लॅमिंग्टन. तिसऱ्या ट्रेनंतर माझे हात मनगटापर्यंत केसाळ झाले होते.

आणि ते खोबरं! पांढरंशुभ्र, कोरडं ठणठणीत, वासाला जवळपास काही नाही. आई पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिने ते चिमूटभर तोंडात टाकलं आणि विचारलं, “या चोथ्याचे पैसे घेतात?” आमच्याकडे नारळीभाताला फ्रीजरमधलं, पाकिटातलं खवलेलं खोबरं लागतं. ते ओलं असतं, निदान नारळाचं आहे असं वाटतं. लॅमिंग्टनला मात्र ते अजिबात चालत नाही, केक गळायला लागतो. करून पाहिलंय, म्हणून सांगतो.

दहाच्या सुमाराला आजींनी सगळ्यांना चहा दिला आणि मी साखरेबद्दल काहीतरी बोललो. त्या म्हणाल्या, त्यांचे वडील इटलीहून आले ते थेट उत्तरेला, इंगहॅमजवळ ऊस तोडायला. ऊसतोड म्हटल्यावर मला बीडच्या बैलगाड्या, कोयते, रस्त्याकडेच्या कोपी दिसल्या. त्यांना दिसत होता डोळे सोडून सगळा काळा झालेला बाप. इथे ऊस आधी पेटवून देत आणि मग तोडत. त्यालाही कारण आहे. उसाच्या फडात उंदीर, उंदरांपासून लेप्टोस्पायरोसिस. मुंबईच्या माणसाला लेप्टो म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. तोडणारे मरायला लागले तेव्हा, १९३०च्या दशकात, ऊस आधी जाळा या मागणीसाठी संप झाले. आणि इटालियनांच्याही आधी या उसात प्रशांत महासागरातल्या बेटांवरचे लोक राबले. १८६३ ते १९०४ या काळात वानुआतू, सॉलोमनसारख्या बेटांवरून साठ हजारांहून जास्त करार करून माणसं आणली, बरीचशी फसवून, काही चक्क पळवून. पुढे गोऱ्यांचाच देश हवा असं ठरल्यावर बहुतेकांना परत धाडलं.

आजींना शाळेत डब्यात सलामी आणि जाड पाव मिळायचा. वासावरून पोरं चिडवायची, म्हणून त्या संडासामागे बसून खायच्या. मुलाच्या शाळेत आता कॅन्टीनमध्ये सुशी मिळते. माझ्या मुलाने एकदा मेथीचे ठेपले नेले, तर मित्राने अर्धे संपवले आणि वर विचारलं, हे टाको आहेत का? मी यावर फार खूश व्हायचं नाही असं ठरवलंय. पण झालो होतो.

घरी आल्यावर मी उगाच हिशेब करत बसलो. केकात काय काय आहे? गहू, साखर, अंडी, कोको, खोबरं, आणि वरून स्कॉटलंडच्या गावाचं नाव. एवढ्या थोरल्या खंडातल्या मातीचं त्यात काय?

उत्तर मुलाने आणलं, पण फेब्रुवारीत. त्याच्या शाळेच्या वाटेवर एका उंच झाडाखाली पट्टी बांधून पाटी लावलेली असते: वरून फळ पडेल, सांभाळा. बन्या पाइन. (आमच्या चाळीतल्या बन्याच्या डोक्यावरही अशी पाटी लावायला हवी होती.) फळ म्हणजे फणसाएवढा हिरवा शंकू, कधी कधी दहा किलोचा. डोक्यात पडला तर विषय संपला. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या परसात हे झाड आहे. त्याने एक शंकू पिशवीत घालून दिला. सोलला तर आत पाकळ्यांत दडलेल्या पन्नासेक बिया निघाल्या, प्रत्येकीवर लाकडासारखं कवच. मीठ घालून कुकरला लावल्या, गरम असतानाच सुरीने फोडल्या आणि पहिली तोंडात टाकली.

आठळी! फणसाची उकडलेली आठळी. तशीच पिठूळ, तशीच मंद गोड, फक्त मागाहून राळेचा पुसटसा वास. मी मालवणला आजोळच्या पडवीत बसलोय, चुलीच्या राखेतून आठळ्या ओढतोय, बोटं भाजताहेत. एवढं सगळं एका बीत.

ब्रिस्बेनपासून दोनेकशे किलोमीटरवर बन्या माउंटन्स आहेत. दर तीनेक वर्षांनी झाडं भरभरून धरत, तेव्हा शेकडो मैलांवरून आदिवासी जमाती तिथे येत. भांडणं बाजूला ठेवून आठवडेच्या आठवडे मुक्काम, सोयरिकी, निवाडे, देवघेव, गाणी, आणि खायला बन्या. १८४२ साली, हा भाग न्यू साउथ वेल्समध्ये होता तेव्हा, तिथले गव्हर्नर गिप्स यांनी बन्याच्या रानात वस्ती करायला आणि तोड करायला बंदी घातली होती, कारण हे लोकांचं अन्न आहे. १८५९ला क्वीन्सलंड वेगळं झालं आणि लगेच १८६०मध्ये ती बंदी उठवली. लाकूडतोडे शिरले, जत्रा आटत गेली. मग १८९७चा कायदा आला. नावात ‘संरक्षण’, प्रत्यक्षात आदिवासींना उचलून राखीव वस्त्यांत नेऊन ठेवायचा अधिकार. कुठे राहायचं, कुणाकडे कामाला जायचं, सगळं सरकार ठरवणार. बन्या वेचायला जायचं तर परवानगी हवी. राखीव वस्तीत शिधा मिळे: पीठ, साखर, चहा.

१८९७ साली गव्हर्नर कोण होते, ते मी वर लिहिलंच आहे.

हे वाचल्यावर लॅमिंग्टन सोडला का? नाही. पुढच्या ड्राइव्हला दोन डझन घेतले. आजींनी या वेळी मला काप करायला बढती दिली. पण डबा उघडला की हल्ली पीठ आणि साखर आधी दिसतं, खोबरं नंतर.

मुंबईत लॅमिंग्टन रोडचं नाव कधीच बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालंय. टॅक्सीवाल्याला ते सांगून पाहा. इथे उलट, लोक जुनी नावं परत शिकताहेत. ज्याला सगळे फ्रेझर आयलंड म्हणत, ते बेट २०२३पासून सरकारदप्तरीही ‘गरी’ आहे. लिहिताना आधी एक ‘के’ लावतात, तो उच्चारायचा नाही. सुरुवातीला ऑफिसात सगळेच तो उच्चारत होते, आता निम्मे गप्प झालेत.

परवा शंकूतल्या उरलेल्या बिया पुन्हा उकडल्या. आई व्हिडिओ कॉलवर होती. मी कॅमेऱ्यासमोर एक धरली. “बघ, आठळ्या.”

“आठळ्या कुठल्या मिळाल्या तिकडे?” आईने विचारलं.

मुलगा गृहपाठातून मान वर न करता म्हणाला, “आजी, आठळ्या नाहीत त्या. बोन्यी. बाबांना कितीदा सांगितलं.”

“काय म्हणालास?”

“बो-न्यी.”

आईने दोनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं. मग विचारलं, कुकरच्या शिट्या किती केल्या.