उंदराच्या पाठीवरचं धुकं

रविवार, रात्रीचे ११. पाऊस थांबायचं नाव नाही.

नौपाड्यातली आमची चाळ पाडली तेव्हा दाराच्या चौकटीचा हातभर तुकडा मी उचलून आणला होता. जुनं सागवान. दोन महिने त्यातून गणपतीसाठी उंदीर कोरतोय. आज शेपटी संपली आणि उत्साहाच्या भरात लगेच पॉलिशला बसलो.

चपडी लाख, म्हणजे पॉलिशसाठीची पापुद्र्यांची लाख, कालच स्पिरिटमध्ये भिजत घातली होती, ती फडक्यातून गाळून घेतली. पॉलिश पेपर १२० पासून ३२० नंबरपर्यंत मारून झालेला. पहिला बोळा फिरवला आणि सागाचा रंग असा खुलला की हात थांबेना. दुसरा, तिसरा. चौथ्या हाताला पाठीवर पांढुरकं काहीतरी दिसू लागलं. पुसलं, जाईना. आरशावर वाफ धरावी तसं, पण आत.

कारण मला ठाऊक होतं, राग त्याचाच आला. स्पिरिट उडताना लाकडाचा वरचा थर गार पडतो, हवेतला दमटपणा तिथे बसतो आणि लाखेत अडकतो. खाडीकाठचं ठाणं, त्यात आषाढ. जांभळी नाक्यावरच्या दुकानदार काकांनी लाख देताना विचारलंही होतं, "पावसात करणार?" मी म्हटलं, "पंखा लावीन की." पंख्याने स्पिरिट आणखी झपाट्याने उडतं, म्हणजे गारवाही जास्त! काका काही बोलले नाहीत, सुटे पैसे मोजत राहिले.

स्पिरिटचा ओलसर बोळा अलगद फिरवला तर पाठ निवळली. पण कानांच्या खाचांत आणि मिशांच्या रेघांत लाख साचून पांढरी झालेली, तिथे बोळा पोचेना. आई म्हणाली, "सरळ खोबरेल चोळ. लाटण्याला नाही का लावत?" खोबरेल कधी वाळतच नाही, बोटाला लागतं आणि धूळ धरतं, हे तिला सांगायची माझी हिंमत नाही.

शेवटी सगळंच उतरवलं. टूथब्रश, स्पिरिट, दीड तास. नीट सुकू दिल्यावर पक्कं, म्हणजे लवकर वाळावं म्हणून तयार केलेलं, जवसाचं तेल लावलं, खाचांत ब्रशने, आणि वीस मिनिटांनी जास्तीचं पुसून घेतलं. जिथे लाकडाचे रेषे आडवे कापले गेलेत तिथे, म्हणजे नाकाच्या शेंड्याला, ते भराभर प्यायलं गेलं. नाक काळंभोर झालं. शोभतंय खरं तर. हे तेल उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. सागाचा स्वतःचा तेलकटपणा त्याला आणखी रेंगाळवणार. रेंगाळू दे. अख्खा श्रावण मध्ये आहे.

तेलाचं फडकं चुरगाळून डब्यात टाकलं तर घट्ट होताना आतल्या आत तापतं, पेटूही शकतं. म्हणून बाल्कनीच्या दांडीवर उलगडून टाकलं.

आत्ताच आईने आतून विचारलं, "ते फडकं धुवायचंय का रे?"