अलिअसची फाईल बदलली, डेटाबेस मात्र जुनाच

लातूरमधील एका महाविद्यालयाचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. जूनमध्ये प्रवेशाचे काम दुसऱ्या लिपिकाकडे गेले, तेव्हा अलिअसेस फाईलमध्ये, म्हणजे कोणत्या नावाने आलेला ई-मेल कोणाकडे पाठवायचा त्या यादीत, 'प्रवेश' या नावापुढचा पत्ता मी बदलला आणि निश्चिंत झालो. तरीही दोन दिवस पालकांचे ई-मेल जुन्याच लिपिकाकडे जात राहिले. औशाच्या एका पालकाने जात पडताळणीबद्दल विचारलेला प्रश्न तसाच पडून राहिला, याची बोच मला आजही आहे.

आमच्या मांडणीत पोस्टफिक्स, म्हणजे ई-मेल पोचवणारी सर्व्हरवरची प्रणाली, ती मजकुराची फाईल थेट वाचत नाही, तिच्यापासून तयार केलेला डेटाबेस वाचतो, आणि न्यूअलिअसेस ही आज्ञा चालवेपर्यंत तो जुनाच राहतो. याहून बारीक बाब अशी, की पोस्टफिक्सच्या मेन-सीएफ या सेटिंगच्या फाईलमधील 'अलिअस मॅप्स' ही नोंद पत्ता कोठे शोधायचा ते ठरवते, तर 'अलिअस डेटाबेस' न्यूअलिअसेसने काय नव्याने बांधायचे ते. पहिल्यात असलेली फाईल दुसऱ्यात नसेल, तर आज्ञा निमूटपणे पार पडते आणि त्या फाईलचा डेटाबेस तसाच राहतो. तिच्यासाठी पोस्टअलिअस ही, नाव दिलेल्या फाईलचा डेटाबेस बांधणारी आज्ञा वेगळी चालवावी लागते.

आता प्रत्येक बदलानंतर मी पोस्टअलिअसला 'क्यू' पर्याय देऊन तेच नाव विचारतो, आणि उत्तरात नवा पत्ता दिसल्यावरच जागेवरून उठतो.