गोंडल ते घोडबंदर: केसरसोबत एक रात्र

केसर चार वर्षांची काठियावाडी घोडी. कानांची टोकं आत वळून वर एकमेकांना भिडतात; तिने कान टवकारले की डोक्यावर कमानच उभी राहते. गोंडलजवळच्या एका वाडीतून तिला ठाण्यात, ओवळ्याजवळच्या आमच्या पागेत आणायचं होतं. अंतर सुमारे ७०० किलोमीटर. ट्रकने आणायचं ठरलं आणि मी सोबत जाणार, हे घरी आधीच सांगून टाकलं.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना दिला, तेव्हापासून माझी झोप उडाली. हा रोग माणसालाही होतो आणि घोडं बाधित निघालं तर त्याला मारावंच लागतं. अहवाल निगेटिव्ह आला तेव्हा मी देवासमोर साखर ठेवली. मग प्रवासाला योग्य असल्याचा डॉक्टरांचा दाखला घेतला आणि निघालो.

ट्रकची तयारी आमच्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याने केली. त्यांना सगळे मामाच म्हणतात. तळाला वाळू, वर पेंढा, दोन्ही बाजूंना जुन्या गाद्या. केसर मात्र फळीपाशीच अडली. पाय ठेवायची, पोकळ आवाज आला की मागे सरायची. ड्रायव्हर म्हणाला, मागून दोघं लावू. मामा म्हणाले, "कुणी मागे जायचं नाही." त्यांनी फळीवरही पेंढा पसरला, आवाज बंद झाला. मग दाण्याचा तोबरा घेऊन स्वतः आत गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले. अर्ध्या तासाने केसर आपल्या पायांनी चढली.

वाडीवाल्यांनी दावं आखूड बांधलं होतं. मामांनी ते सोडून लांब केलं. घोड्याला मान खाली घालता आली पाहिजे, तरच नाकातली धूळ आणि शेंबूड बाहेर पडतो. तासन्‌तास मान वरच राहिली तर ती घाण फुप्फुसात उतरते आणि मुक्कामाला पोचल्यावर ताप भरतो. म्हणून दर चार तासांनी थांबायचं, गवत भिजवून खाली टाकायचं, पाणी दाखवायचं.

पाण्यानेच घाम फोडला. मामांनी वाडीतलं पाणी दोन कॅन भरून घ्यायला सांगितलं होतं, मी गडबडीत एकच घेतला. तो बगोदऱ्यालाच संपला. पुढे ढाब्याच्या पाण्याला केसरने नाक लावलं आणि तोंड फिरवलं. वडोदऱ्यालाही तेच. घोड्याला उलटी होत नाही. आतड्यात चारा सुकून अडकला की पोटशूळ उठतो आणि जीवावर बेततं. भरूचच्या अलीकडे पहाटे मामांनी बादलीत गुळाचा खडा विरघळवला. केसरने ओठ बुडवले. एकेक घोट घशाखाली उतरताना तिचे कान हलत होते. मी बॅटरीच्या उजेडात ते कानच बघत बसले. अर्धी बादली संपली.

भिलाड गेलं, अच्छाडला महाराष्ट्रात शिरलो. कागद पाहिले, सोडलं. ड्रायव्हरने विचारलं, "ताई, ही परदेशात खेळायला जाईल का?" मी त्याला चीनमधल्या हांगझोऊचं सांगितलं. २०२३च्या आशियाई खेळांत आपल्या ड्रेसाज संघाने, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली अचूक करून घेण्याच्या प्रकारात, सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं ते ४१ वर्षांनंतरचं सुवर्ण. पण तो संघ घोड्यांसह युरोपात सराव करत होता. विलगीकरणाच्या नियमांमुळे भारतातला घोडा थेट तिकडे नेता येत नव्हता. केसरसारख्या घोड्यांसाठी ही वाट मोकळी व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

वर्सोव्याचा पूल ओलांडला. खाली खाडी, पलीकडे घोडबंदरचा किल्ला. पोर्तुगीजांच्या काळात अरबी घोडे जहाजातून इथे उतरत, म्हणूनच हे नाव पडलं असं सांगतात. समुद्र ओलांडून आलेले ते घोडे कोणत्या पाण्याला तोंड लावत असतील, असं मनात आलं. गायमुखच्या घाटात तासभर अडकलो. केसर शांत उभी होती, मीच नखं खात होते.

ओवळ्याला उतरल्यावर तिने आधी मातीत लोळण घेतली, मग आमच्या हौदाचं पाणी प्यायली. मामा मात्र बसले नाहीत. तासाभराने तिने लीद टाकली. मामांनी ती काडीने मोडून पाहिली.

"ओली आहे ताई. आता जा, झोपा."