नेब्रास्कातल्या अंगणातली स्टुडबेकर

डेन्व्हरहून माउंट रशमोरला, म्हणजे डोंगरात अमेरिकेच्या चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेत तिथे, जायचं तर बरेच जण इंटरस्टेट 25 धरून वायोमिंगमधून जातात. आम्ही मुद्दाम पूर्वेकडची वाट घेतली: स्टर्लिंग, सिडनी, ब्रिजपोर्ट, अलायन्स. रशमोर पाहून झालं. कोरीवकाम थोरच आहे, पण लोकांच्या खांद्यावरून टाचा उंचावून बघण्यात माझा जीव रमत नाही, आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला लिहायचंय ते वाटेतल्या नेब्रास्काबद्दल, आणि त्यातही एका शेतकरी बाईंच्या अंगणाबद्दल.

सोबत आई-बाबा होते. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत झाली. चेसिस यायची, तिच्यावर बसचा सांगाडा चढायचा, पत्रा ठोकला जायचा, रंग लागायचा आणि गाडी कुठल्यातरी आगाराकडे रवाना व्हायची. उलटा प्रवासही त्यांनी तितकाच पाहिला. आयुष्य संपलेली बस, तिच्यातून काढून घेतलेला एकेक कामाचा भाग, आणि उरलेल्या सांगाड्याचा भंगारात लिलाव. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, तरी रस्त्यावरच्या गाडीचा नुसता आवाज ऐकून ‘हिचे पाटे गेलेत’ असं ते आजही सांगतात. अमेरिकेत त्यांना करमत नाही त्याचं एक कारण हेच. इथे रस्त्याकडेला बोनेट उघडून डोकं घालणारं कोणी दिसत नाही, आणि उघडलंच तर आत सगळ्यावर प्लास्टिकचं झाकण.

म्हणून त्यांना जुन्या गाड्या दाखवायच्या हे मी ठरवून टाकलं होतं. मागच्या खेपेला डॅलसला मावसबहिणीकडे जाताना टेक्ससमध्ये अमरिलोजवळचं कॅडिलॅक रँच पाहिलं होतं. इंटरस्टेट 40च्या कडेला, मोकळ्या शेतात, दहा कॅडिलॅक गाड्या नाक खाली करून एका रांगेत अर्ध्या गाडलेल्या आहेत. अँट फार्म नावाच्या कलाकारांच्या गटातल्या चिप लॉर्ड, हडसन मार्केझ आणि डग मायकेल्स या तिघांनी 1974 मध्ये स्टॅन्ली मार्श या अमरिलोतल्या धनिकाच्या जमिनीवर ते उभं केलं. शहर वाढत जवळ आलं तेव्हा, 1997 मध्ये, सगळ्या गाड्या उपटून तीनेक किलोमीटर पश्चिमेला पुन्हा तशाच पुरल्या. मूळ कल्पना मला फार आवडते. 1949 पासून 1963 पर्यंतची मॉडेलं ओळीने लावली, की गाडीच्या मागच्या बाजूचे ते माशासारखे पंख कसे उगवले, किती वाढले आणि कसे ओसरले, हे चालता चालता दिसावं.

आज ते दिसत नाही. येणारा प्रत्येक माणूस रंगाचा स्प्रे घेऊन येतो, नाव फवारतो, फोटो काढतो आणि निघून जातो. थरावर थर चढून पत्र्याच्या कडा बुजून गेल्यात. बरेचसे सुटे भाग लोकांनी आठवण म्हणून फार पूर्वीच उचकटून नेलेत. पायाखाली रिकामे डबे, हवेत थिनरचा वास. आईने नाकाला पदर लावला. बाबा एका गाडीपाशी वाकून दरवाजाची फट शोधत राहिले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “अगं, ह्यात गाडी कुठाय?” पोरंसोरं मजेत होती, कोणाचा आनंद हिरावून घ्यावा असं मला वाटत नाही. पण ज्या गाड्या बघायला म्हणून एवढं लांब यायचं त्या गाड्याच तिथे उरलेल्या नाहीत, याचा मला त्या दिवशी खरोखर राग आला होता.

या खेपेला वाटेत अलायन्सला कारहेंज होतं, म्हणजे जुन्या मोटारींनी केलेली स्टोनहेंजची नक्कल. ते तसं निघू नये एवढीच माझी इच्छा होती, आणि ते तसं नाही. अलायन्स हे पश्चिम नेब्रास्कातलं रेल्वेचं गाव. वायोमिंगच्या खाणींतला कोळसा घेऊन जाणाऱ्या, संपता न संपणाऱ्या मालगाड्या इथून जातात. गावाच्या उत्तरेला जरा बाहेर, मोकळ्या माळावर कारहेंज आहे. तिकीट नाही. आम्ही पोचलो तेव्हा आमच्याशिवाय एकच कुटुंब होतं. इंग्लंडमधल्या स्टोनहेंजमध्ये जिथे उभ्या शिळा आहेत तिथे इथे डिकीची बाजू खड्ड्यात घालून उभ्या केलेल्या मोटारी, आणि शिळांवरच्या आडव्या तुळयांच्या जागी दोन-दोन गाड्यांच्या डोक्यावर वेल्डिंगने बसवलेल्या आडव्या मोटारी. एकूण 39 गाड्या, साधारण 29 मीटर व्यासाचं वर्तुळ, सगळ्यांना एकच दगडी करडा रंग. वर्तुळाबाहेरच्या एकट्या शिळेच्या जागी 1962 ची कॅडिलॅक आहे.

हे केलं जिम रायंडर्स यांनी. इंग्लंडमध्ये राहत असताना त्यांनी स्टोनहेंजचा अभ्यास केला होता. वडील गेल्यावर, ज्या शेतावर वडील राहत होते तिथेच त्यांचं स्मारक करायचं ठरलं, आणि 1987 च्या जूनमध्ये घरचे सगळे नातेवाईक जमून राबले. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी लोकार्पण केलं. गावाला ते मुळीच रुचलं नाही. हा भंगाराचा ढीग हलवा म्हणून बरीच ओरड झाली. पुढे गावातलेच काही लोक पाठीशी उभे राहिले, त्यांनी संस्था काढून जागा सांभाळली, आणि 2013 मध्ये ती गावाच्या ताब्यात दिली. 2017 च्या ऑगस्टमधलं खग्रास सूर्यग्रहण बघायला तर इथे जत्राच भरली होती.

करड्या रंगाबद्दल मला आधी शंका होती, पण त्याने काम चांगलं केलंय. रंग एक असल्यामुळे नजर थेट आकारावर जाते. खिडकीची चौकट, मडगार्डचा फुगवटा, दिव्यांच्या खोबणी, सगळं स्पष्ट वाचता येतं. बाबांनी प्रत्येक गाडीला हात लावला. वेल्डिंगचे सांधे खालून निरखले आणि एवढ्या वाऱ्यात ते टिकलेत याबद्दल समाधान व्यक्त केलं. वारा खरंच भयंकर होता. आईची शाल दोनदा कुंपणाकडे पळाली. बाबा मात्र तासभर हलले नाहीत. “मुलाने बापासाठी केलंय ना,” एवढंच म्हणाले, आणि मला वाटतं त्या जागेबद्दल त्याहून जास्त बोलायची गरजही नाही.

आता अंगण.

अलायन्स सोडून उत्तरेला लागलो. दोन्ही बाजूंना गहू, कुरणं, मधूनच पवनचक्की. एका घरापुढे, रस्त्यापासून थोडं आत, तीन जुन्या गाड्या उभ्या होत्या. असं इथे खेड्यापाड्यांत सर्रास दिसतं, त्यामुळे मी वेग कमी केला नव्हता. बाबा एकदम ओरडले, “थांब, थांब, मागे घे! स्टुडबेकर आहे ती!”

इथे परक्याच्या आवारात असं शिरत नाहीत. मी रस्त्यालाच गाडी लावली आणि दुरूनच बघा म्हणाले. पण घरमालकीणबाई टपालपेटीपाशी उभ्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, डोक्यावर टोपी, पायात गमबूट. मी विचारलं, माझे वडील बस बांधायचे, त्यांना तुमची गाडी जवळून बघायची आहे, चालेल का? त्या म्हणाल्या, बस बांधायचे म्हणजे काय? आणि मग आम्ही बराच वेळ तिथेच होतो.

तीन गाड्यांत एक फोर्डचा धान्याचा ट्रक, एक ट्रॅक्टर आणि ही स्टुडबेकर या आता बंद पडलेल्या अमेरिकन कंपनीची पिकअप. बाईंच्या वडिलांनी पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला घेतलेली. गव्हाच्या हंगामात ती कोठारापर्यंत खेपा करायची, हिवाळ्यात गुरांना गवत पोचवायची. सहा सिलेंडरचं इंजिन अजून आत आहे. बाबांचं इंग्रजी कार्यशाळेतलं, बाईंना मराठीचा गंध नाही. पण गिअरबॉक्स, क्लच, डिफरन्शियल, कार्ब्युरेटर हे शब्द दोघांचे सारखेच, त्यामुळे थोड्या वेळाने मला मध्ये कोणी घेईना. आईला त्यांनी सावलीत खुर्ची दिली, लिंबाचं सरबत आणलं, आणि नातवंडांचे फोटो दाखवले. अनोळखी माणसाला इतक्या सहज घरचं समजणारं माणूस मला या देशात शहरात क्वचित भेटलंय.

बाबांना स्टुडबेकर हे नाव कसं माहीत, हा प्रश्न मलाही पडला होता. एसटीची पहिली बस 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर धावली, हे आपल्याला पाठ असतं. त्या सुरुवातीच्या काळात ताफ्यात मिळतील त्या कंपन्यांच्या गाड्या होत्या: बेडफर्ड, शेव्हरोले, मॉरिस, अल्बियन, लेलँड, कॉमर, आणि त्यांत स्टुडबेकरही. बाबा कामाला लागले तोवर त्या रस्त्यावरून गेल्या होत्या. पण त्यांना शिकवणारे जुने मिस्तरी त्या गाड्यांवर हात बसलेले होते आणि डबा खाताना त्यांच्याच गोष्टी सांगायचे. कुठल्या गाडीचा सुटा भाग मिळायचा नाही, मग तो इथेच लेथवर कसा उतरवला, असल्या गोष्टी. बाबांनी आयुष्यभर ऐकलेली ती गाडी पहिल्यांदा पाहिली ती नेब्रास्कात, गवतात उभी असलेली. बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी बाबांचा हात धरला आणि दरवाजा उघडून दिला. बाबा स्टिअरिंगपुढे बसले.

स्टुडबेकर मुळात इंडियानातल्या साउथ बेंडमधल्या भावांची कंपनी, 1852 पासून घोडागाड्या बनवणारी. मोटारींच्या शर्यतीत ती मागे पडली, 1963 च्या अखेरीस साउथ बेंडचा कारखाना थांबला आणि 1966 मध्ये कॅनडातून शेवटची मोटार बाहेर पडली. बाई म्हणाल्या, कंपनी बुडाल्यावरही आमची गाडी पुष्कळ वर्षं चालली.

त्यांनी ती कशी ठेवलीय ते मुद्दाम लिहिते, कारण मला वाटायचं की जुनी गाडी नुसती आणून उभी केली की झालं. गाडी रेल्वेच्या जुन्या स्लीपरांवर चढवलीय, म्हणजे चाकं मातीत रुतत नाहीत आणि खालून हवा खेळते. तेल, पेट्रोल, कूलंट सगळं काढून टाकलंय, बॅटरीही काढलीय, नाहीतर ते गळून जमीन आणि विहिरीचं पाणी नासतं. पाणी साचेल तिथे बारीक भोकं पाडलीत. पत्र्यावरचा गंज खरवडलेला नाही. वर्षातून एकदा उकळलेलं जवसाचं तेल कापडाने चोळतात, त्याने तांबूस रंग गडद होतो आणि गंज फारसा पुढे सरकत नाही. हौद्यात फुलझाडं लावायची इथे फार हौस आहे, अनेक घरांपुढे दिसतात. बाईंनी मात्र लावली नाहीत. ओल्या मातीने तळ सडतो. बाबांनी यावर इतक्या जोरात मान हलवली की आई हसायला लागली. सीटखाली हात घालण्याआधी काठीने ठोकायचं, हेही त्यांनी बजावलं, कारण या भागात रॅटलस्नेक असतात आणि त्यांना उंदरांमागे गाडीत शिरायला आवडतं.

हवा कोरडी, वर्षाचा पाऊस जेमतेम 400 मिलिमीटर, म्हणून हे जमतं. आपल्या कोकणात हीच गाडी उघड्यावर दोन-चार पावसाळ्यांत चाळणी होईल.

आणि एक गोष्ट. गाडीचं तोंड रस्त्याकडे नाही, तिरपं आहे. मला वाटलं फोटोसाठी असेल. बाई म्हणाल्या, कोठार त्या दिशेला आहे, ती त्याच वाटेने जायची.

त्यांचा भाऊ गावात राहतो, त्याला वडिलांचा दुसरा ट्रक अंगणात ठेवायचा होता. बिननोंदणीची, न चालणारी गाडी उघड्यावर दिसली म्हणून नोटीस आली आणि तो विकावा लागला. अमेरिकेत हा झगडा जुना आहे. महामार्ग सुंदर दिसावेत म्हणून 1965 मध्ये कायदा झाला, त्यात मोठ्या रस्त्यांपासून 1000 फुटांच्या आतले भंगारअड्डे झाकायचे किंवा हलवायचे असं ठरलं. हेतू चांगला होता आणि बकाल अड्डे मलाही नको आहेत. पण तेल चोळून, स्लीपरांवर, वडिलांच्या वाटेकडे तोंड करून ठेवलेली गाडी आणि टाकून दिलेली गाडी यांतला फरक कुठल्याही अधिकाऱ्याला दोन मिनिटं उतरून बघितलं तर कळेल. आमच्या कॉलनीची समिती तर चालत्या गाडीला पोचा पडला तरी पत्र पाठवते. तिथे हा मुद्दा मी कोणापुढे मांडणार?

परतीच्या वाटेवर बाबा बराच वेळ दापोडीबद्दल बोलत होते. आपल्याकडे रेल्वेने जुनी इंजिनं जपली. नेरळला माथेरानच्या गाडीचं वाफेचं इंजिन स्टेशनाबाहेर दिमाखात उभं आहे, लोक पोरांना उचलून दाखवतात. आणि गावोगावच्या पोलीस चौक्यांपुढे जप्त गाड्या वेलींखाली सडतात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही. ज्या लाल बसने खेड्यातली मुलं शाळेत गेली, बाळंतिणी माहेरी आल्या, दूध आणि टपाल पोचलं, ती बस प्रत्येक जिल्ह्याच्या एका तरी आगारात, फाटकाशी, मूळ रंगात, शेड घालून उभी असायला हवी. कुठल्या मार्गावर धावली आणि कोणी बांधली ते पाटीवर लिहून. खर्च फार नाही, पावसासाठी छप्पर तेवढं लागेल. बाबांनी त्या शेडचं माप मोटेलच्या कागदावर काढून माझ्याकडे दिलंय.

बाईंनी एक गोष्ट मागितली आहे: एसटीच्या स्टुडबेकर बसचा फोटो. त्यांना तो वडिलांच्या फोटोशेजारी लावायचाय. आमच्याकडे नाही, बाबांच्या जुन्या सोबत्यांकडेही मिळाला नाही. कोणाच्या घरी आजोबांच्या अल्बममध्ये, कंडक्टर किंवा ड्रायव्हर म्हणून बसपुढे उभं राहून काढलेला चाळीसच्या दशकाच्या अखेरीचा किंवा पन्नासच्या दशकातला असा फोटो असेल, तर खाली प्रतिक्रियेत जरूर कळवा. गाडीचं नाव वाचता येत नसलं तरी चालेल. पुढची जाळी दिसत असेल तर बाबा ओळखतील.