ऑस्प्रेचे पंजे : भिगवणच्या हंगामाची नोंद

या हिवाळ्यात उजनीच्या बॅकवॉटरवर मी एकच गोष्ट धरून बसलो आहे. ऑस्प्रे या मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याने मासा उचलल्यानंतरचे पहिले काही सेकंद. सूर मारतानाचे फोटो आपल्यापैकी बहुतेकांकडे आहेत, पण मला आता खरी कमाल त्याच्या पुढे वाटते.

कुंभारगावच्या बाजूने सकाळी लवकर होडी काढली की ऊन पाठीशी राहतं. ऑस्प्रे वर एका जागी पंख फडफडवत थांबला की नावाडी दादा वल्हं थांबवतात. "आता बघा," एवढंच म्हणतात. खाली येताना शेवटच्या क्षणी तो पाय डोक्याच्याही पुढे फेकतो आणि जवळजवळ अख्खा पाण्यात जातो. तरी पोच फार तर मीटरभर, म्हणजे वरच्या थरातलेच मासे त्याचे. इथे ते बहुधा चिलापी.

पाण्यातून निघताना मासा बऱ्याचदा आडवा किंवा तिरका धरलेला असतो. ओले पंख, पायाशी धडपडणारं वजन, आणि तो जोरात पंख मारत वर येतो. थोडं उंच गेल्यावर उडता उडताच अंग झटकून पाणी उडवतो. त्याच सुमारास पकड बदलते : एक पाय पुढे, एक मागे, माशाचं तोंड उडण्याच्या दिशेला. असा सरळ धरला की वारा कमी अडतो. बर्स्टमधल्या, म्हणजे बटण दाबून ठेवून सलग काढलेल्या, फ्रेम ओळीने लावल्या तेव्हा हे सरकवणं पहिल्यांदा नीट दिसलं, आणि त्या संध्याकाळी मी त्याच फ्रेम पुन्हा पुन्हा पाहत होतो.

बुळबुळीत मासा निसटत कसा नाही? बाहेरचं बोट मागे वळतं, त्यामुळे दोन बोटं पुढून आणि दोन मागून आवळतात. तळव्यांवर बारीक काटेरी खवले असतात. नख्याही गोल आणि चांगल्याच वळलेल्या. बाहेरचं बोट असं फिरवणं घुबडांना जमतं, दिवसा शिकार करणाऱ्या बाकीच्या बहुतेक शिकारी पक्ष्यांना नाही.

कॅमेऱ्याच्या सेटिंगचं थोडक्यात : शटर १/३२०० सेकंदापेक्षा हळू नको, आणि पक्षी पाण्याबाहेर आल्यावर बटण सोडू नका. अंग झटकून होईपर्यंत दाबून ठेवा.

किनाऱ्यावर घर असलेल्यांना एक विनंती. समुद्र गरुड बहुतेक वेळा पाण्यात शिरत नाही, वरच्या वर पंजा मारून मासा उचलतो. त्याचं बोट मागे वळत नाही. मग वाहून नेताना तो मासा कसा धरतो? रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे उडतानाचे, पाय स्पष्ट दिसणारे फोटो असतील तर पाठवा. घरट्याजवळचे मात्र नकोत. ऑस्प्रे उत्तरेकडे परतले की मीही कोकणात उतरणार आहे.