‘कुणाला सांगणार नाही ना?’ : युवा कार्यकर्ती म्हणून माझे पहिले वर्ष

युवा केंद्रात रुजू होऊन मला जेमतेम सात आठवडे झाले होते. एका संध्याकाळी सगळे निघून गेल्यावर १७ वर्षांची एक मुलगी खुर्च्या आवरण्याच्या निमित्ताने मागे राहिली आणि पाठमोरी राहूनच तिने विचारले, “ताई, एक सांगायचे आहे, पण तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?” मी क्षणाचाही विचार न करता “अजिबात नाही” असे म्हणून गेले. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी ज्या उत्तरापासून सावध राहायला सांगितले होते, नेमके तेच माझ्या तोंडून बाहेर पडले.

सकाळी जागच आली नाही तर बरे होईल, असे तिला बरेच दिवस वाटत होते. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, हे संशोधनातून वारंवार दिसून आले आहे आणि ते मला पाठही होते. तरी प्रत्यक्षात जीभ रेटेना. वीसेक मिनिटे मी तिची झोप, अभ्यास, मैत्रिणी अशा सगळ्या आडवाटांनी फिरत राहिले. शेवटी विचारले, “जीव द्यावा असा विचार मनात येतो का?” ती दचकेल अशी माझी कल्पना होती. ती दचकली नाही. हातातली खुर्ची खाली ठेवून तिच्यावरच बसली आणि “हो” म्हणाली. पुढचे प्रश्न त्या मानाने सोपे गेले: काही ठरवले आहे का, त्यासाठीचे साधन हाताशी आहे का, आजची रात्र सुरक्षित काढता येईल असे वाटते का.

अवघड होते ते त्यानंतरचे. अर्ध्या तासापूर्वी दिलेला शब्द मला परत घ्यायचा होता. “मी तुला चुकीचे सांगितले. तुझ्या जिवाला धोका असताना मी हे स्वतःपुरते ठेवू शकत नाही,” असे मी म्हणाले, तेव्हा ती रडली नाही, चिडली. “मग आधी ‘अजिबात नाही’ असे का म्हणालात?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिच्यासमोरच पर्यवेक्षिकेला फोन लावला. बाईंनी येताच एक गोष्ट केली, जी मी तोवर फक्त वाचली होती: सांगायचे की नाही हे तिच्यावर सोडले नाही, मात्र घरात आधी कुणाला, कोणत्या शब्दांत आणि कुणाच्या उपस्थितीत सांगायचे, हे तिला विचारून ठरवले. तिने मावशीचे नाव घेतले. मावशी आल्या, दुसऱ्या दिवशीची मानसोपचारतज्ज्ञांची वेळ ठरली, आणि निघण्यापूर्वी आम्ही तिच्यासोबत सुरक्षितता आराखडा लिहिला. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी घडवलेली ही पद्धत दिसायला अगदी साधी आहे: धोक्याची चाहूल कशी लागते, अशा वेळी स्वतःला कशाने सावरता येते, कुणाच्या सोबतीला जाता येते, मदत कुणाकडे मागता येते, तज्ज्ञांचे क्रमांक कोणते आणि घातक साधने दूर कशी ठेवायची. हे सगळे त्या व्यक्तीच्याच शब्दांत लिहायचे असते. मदत मागण्याच्या यादीत तिने केंद्राचा क्रमांक लिहिला, माझे नाव मात्र लिहिले नाही.

त्या रात्री लिहिलेली नोंद बाईंनी मला पुन्हा लिहायला लावली. “मुलगी निराश व गोंधळलेली होती” या वाक्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, “हे तिचे शब्द की तुमचे?” तिची वाक्ये अवतरणात, वेळ, हजर असलेल्यांची नावे, काय ठरले आणि माझे मत असलेच तर ते वेगळे, अशी शिस्त मी तेव्हा शिकले. आपल्याविषयी लिहिलेले हे कागद ती पुढे कधी तरी मागून वाचू शकते, हे लक्षात ठेवले की विशेषणे आपोआप गळतात.

पुढचे तीन आठवडे ती केंद्रात आली नाही. शाळेत गैरहजेरीचा जाब विचारता येतो. आमच्या कामाचा पायाच ऐच्छिक सहभाग असल्याने तसे काही करता येत नाही. मावशींकडून ती उपचारांना जात असल्याचे कळत होते, तरी तिला रोज संदेश पाठवावा असे मला वाटे. बाईंनी सरळ विचारले, “संदेश तिच्यासाठी की तुमच्या अपराधी भावनेसाठी?” प्रश्न झोंबला, पण योग्य होता. केंद्राच्या फोनवरून एकच संदेश गेला. चौथ्या आठवड्यात ती आली, माझ्याकडे न पाहता बुद्धिबळाच्या पटावर बसली आणि दोन डाव खेळून गेली.

तेव्हापासून प्रत्येक नव्या गटाशी माझी पहिली अर्धी तासिका गुपित कुठवर राखता येते याच विषयावर असते. मानसिक आजारांपैकी सुमारे एक तृतीयांशांची सुरुवात वयाच्या १४ व्या वर्षापूर्वी आणि निम्म्यांची १८ व्या वर्षापूर्वी होते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे येणारी मुले १४ ते २० वयाची, त्यामुळे असा प्रसंग कधी तरी येणार हे धरूनच चालावे लागते. मी त्यांना सांगते: तुमच्या जिवाला धोका असेल, दुसऱ्या कुणाच्या असेल किंवा कुणी तुमच्यावर अथवा इतर मुलांवर अत्याचार करत असेल, तर मी सांगेन, पण आधी तुम्हाला कल्पना देण्याचा प्रयत्न करेन. बाकी माझ्याजवळ राहील. एका मुलाने लगेच विचारले, “मग तुम्हाला सांगण्यात अर्थ काय?” मी म्हणाले, “सांगायचे की नाही, हे आता तुला जाणून ठरवता येईल.” तो तीन महिन्यांनी बोलला. अपवाद आधीच सांगितल्याने मुले गप्प बसतील ही भीती माझ्या अनुभवात खरी ठरली नाही, काही उशिरा बोलली इतकेच.

असाच फोल शब्द मी आणखी एकदा दिला होता. कार्यक्रमांचे वेळापत्रक तुम्हीच ठरवा, असे गटाला सांगितले, तेव्हा ते प्रत्यक्षात छापून तयार होते. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेल्या, मुलांना निर्णयांत खरोखर किती वाटा मिळतो हे दाखवणाऱ्या ‘सहभागाच्या शिडी’ला आठ पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. आमची बैठक तिथेच कुठे तरी होती. मुलांनी ते दहा मिनिटांत ओळखले. पुढच्या सत्रात मी दोनच संध्याकाळी मोकळ्या ठेवल्या आणि तेवढ्याच देते असे सांगितले.

वर्षअखेरीस ती मुलगी शिक्षणासाठी दुसरीकडे निघाली. जाण्यापूर्वी आम्ही तिघींनी आराखडा पुन्हा वाचला. दोन ओळी तिने बदलल्या, नव्या ठिकाणच्या समुपदेशकांचा क्रमांक लिहिला आणि पेन तसेच हातात धरून थोडा वेळ थांबली. त्या दिवसाच्या नोंदीचे शेवटचे वाक्य असे आहे: “यादीतील केंद्राचा क्रमांक तिने स्वतः खोडला.”