कडाक्याच्या थंडीत जेट स्प्रे बसवला त्याची गोष्ट

जानेवारीत मुलीच्या बाळंतपणासाठी टोरांटोला जायचं ठरलं तेव्हा बॅगेत डिंकाचे लाडू, अळीव, जुन्या सुती साड्यांची दुपटी हे सगळं तर होतंच, पण सगळ्यात खाली टॉवेलात गुंडाळलेला पितळेचा जेट स्प्रे होता, कमोडशेजारी धुवायला लावतात तो, मुंबईच्या नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाऊन आणलेला, एक मीटरच्या नळीसकट. लेक चार वर्षं तिथे टॉयलेट पेपर आणि पाण्याचा मग यांवर भागवत होती. फोनवर म्हणायची राहू दे गं आई, सवय झालीय आता, पण टाके पडल्यावर कागदाने पुसायचं ही कल्पनाच मला सहन होईना.

तिथे पोचल्यावर पहिलं कळलं ते हे की आपले आटे तिथे बसत नाहीत. आपल्याकडे अँगल कॉक (भिंतीतून निघणारा, जेटची नळी लावायचा छोटा नळ), नळी, जेट सगळं अर्धा इंची. तिथे फ्लशच्या टाकीखालून जो प्लॅस्टिकचा दांडा बाहेर येतो तो ७/८ इंची. म्हणजे आपली नळी डायरेक्ट कुठेच लागत नाही, मध्ये एक टी जॉइंट लागतो, वरचं-खालचं तोंड ७/८ आणि बाजूचं तोंड अर्धा इंची, आणि त्या बाजूच्या तोंडावर छोटी दांडी असलेला कॉक. तो तिथल्या हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळाला. ही दांडी लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच आहे.

आमच्या दादरच्या बिल्डिंगचा प्लंबर व्हिडिओ कॉलवर होता. तिथे सकाळचे ८, इथे संध्याकाळचे साडेसहा, त्याची कामं आटपायची वेळ, तरी बिचारा पाऊण तास थांबला. भिंतीजवळचा कॉक बंद केला, फ्लश करून टाकी रिकामी केली, तळाचं पाणी फडक्याने टिपलं, आइस्क्रीमचा रिकामा डबा खाली ठेवला आणि जुना नट सोडवला. जावयाने टाकीत हात घालून आतला व्हॉल्व्ह धरून ठेवला होता कारण खालून नट फिरवला की वरचा व्हॉल्व्हही फिरतो आणि त्याच्या खालचा वॉशर सरकतो, हे प्लंबरने आधीच सांगून ठेवलं होतं. मी आट्यांवर गुंडाळायची टेफलॉन टेप काढली तर तो ओरडलाच, काकू, जिथे रबरी वॉशर आहे तिथे टेप नको, वॉशरच पाणी धरतो. आणि पाना पण नको, हाताने घट्ट करा आणि मग फक्त पाव फेरा, प्लॅस्टिक आहे ते, जास्त आवळलं तर चिरेल.

मग पाणी सोडलं आणि प्रत्येक जॉइंटला टॉयलेट पेपरचा कोरडा तुकडा गुंडाळला, एक थेंब जरी आला तरी लगेच डाग दिसतो. दहा मिनिटं आम्ही दोघं गुडघ्यावर बसून तो कागद बघत होतो. कोरडा राहिला.

पण खरा धक्का जेट दाबल्यावर बसला. इथे आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं, टाकी आमच्या डोक्यावर साधारण १२ मीटर, आणि १० मीटर उंचीला साधारण १ बार प्रेशर मिळतं, म्हणजे आमच्या जेटला सव्वा बारच्या आसपास. तिथे गच्चीवरची टाकी वगैरे काही भानगड नाही, शहराच्या पाइपलाइनचं प्रेशर थेट घरात येतं, ३ ते ५ बार सहज. आपला तोच जेट तिथे अक्षरशः भिंतीवर आदळला. टाके असलेल्या बाईने हे वापरणं शक्यच नव्हतं. त्या टीच्या कॉकची दांडी अगदी थोडीशी, चार आण्याएवढी उघडली तेव्हा कुठे धार माणसात आली.

आणि गारवा! टोरांटोला पाणी ऑन्टारिओ सरोवरातून येतं. तिथे ८३ मीटर खोलावरून वर्षभर ४ डिग्रीच्या आसपासचं पाणी ओढतात आणि पिण्यासाठी पुढे पाठवण्याआधी त्याच गारव्यावर डाउनटाउनच्या मोठ्या इमारतींचं एसी चालवतात, २००४ पासून. म्हणजे जे पाणी आख्ख्या बिल्डिंगा थंड करतं ते आपण उघड्या अंगावर घेणार. पण बाहेर उणे १८ असताना मी स्वतः आठ दिवस ते वापरलं आणि खरं सांगते, दोन-तीन सेकंदांचा तो प्रकार आहे, पहिला चटका गेला की काही वाटत नाही. धडधाकट माणसाला गार पाणी चालतं. बाळंतिणीला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी कमोडमागे पाण्याचं थारोळं. माझ्या पोटात गोळाच आला. जॉइंटला परत कागद गुंडाळले तर सगळे कोरडे, आणि नळीवर मात्र मोत्यासारखे थेंब. बाळासाठी घरात ह्युमिडिफायर चालू, त्यात गरम पाण्याच्या आंघोळी, आणि नळीत, टाकीत ४ डिग्रीचं पाणी, घाम येत होता त्यांना, बर्फाच्या पाण्याच्या ग्लासला येतो तसा. बाथरूमचा एक्झॉस्ट आंघोळीनंतर अर्धा तास चालू ठेवला आणि ते बंद झालं. लीक समजून नट आवळत बसले असते तर प्लॅस्टिक नक्की फुटलं असतं.

आता त्या दांडीबद्दल. आपल्याकडे जेटचा अँगल कॉक बसवल्या दिवसापासून उघडाच असतो, कोणी बंद करत नाही, आणि फुटलाच तर पाणी नहाणीतून जातं. तिथल्या बाथरूमला जाळी नाही, उतार नाही. फरशीखाली लाकूड, लाकडाखाली जिप्समचं छत आणि त्याखाली हॉल. रात्री प्रेशरखाली नळी फुटली तर सकाळपर्यंत छत खाली येईल. म्हणून रोज, प्रत्येकाने, प्रत्येक वेळी दांडी बंद करायची आणि मग जेट एकदा कमोडमध्ये दाबून नळीतलं उरलेलं प्रेशर काढून टाकायचं. मी कमोडच्या मागे भिंतीवर मराठीत चिठ्ठी लावली, "दांडी बंद?" आणि जावई कानडी असल्यामुळे खाली त्यांच्यासाठी बाण काढला.

गरम पाण्याचं काम मात्र आम्ही स्वतः केलं नाही, तिथल्या लायसन्सवाल्या प्लंबरला बोलावलं. बेसिनखालच्या गरम लाइनला नुसती नळी जोडायची नाही, गरम पाण्याच्या टाकीत बॅक्टेरिया वाढू नयेत म्हणून ते ६० डिग्रीच्या आसपास ठेवतात, कातडी भाजेल. गरम आणि गार मिसळणारा मिक्सर लागतो, दोन्ही लाइनना नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लागतो नाहीतर गरम पाणी गुपचूप गार लाइनमध्ये शिरतं, आणि जेटमधलं पाणी उलटं पिण्याच्या लाइनमध्ये ओढलं जाऊ नये याचीही सोय करावी लागते. फिनलंडमध्ये हे फार छान करतात, तिथे घरोघरी हँड शॉवर कमोडशेजारच्या बेसिनच्या मिक्सरलाच जोडलेला असतो, बेसिनचा नळ उघडला तरच नळीत पाणी येतं आणि तेही कोमट. थंडी आणि दांडी दोन्ही प्रश्न एकदम मिटतात. मला हे आधी माहीत असतं तर तसाच घेतला असता.

ते काम होईपर्यंत बाराएक दिवस हॉस्पिटलने दिलेल्या पिळायच्या बाटलीत कोमट पाणी भरून तिला देत होते, दर वेळी मनगटावर थेंब टाकून बघायचा, बाळाच्या दुधाचा बघतात तसा. मिक्सर बसल्यावर पहिल्या दिवशी ती आत गेली, बेसिनचा नळ जरा वेळ चालू ठेवून गरम पाणी येऊ दिलं, आणि दोन मिनिटांनी आतून आवाज आला, आई गं, किती बरं वाटतंय. मी बाहेर बाळाला घेऊन उभी होते, डोळे भरून आले माझे.

वरच्या बाथरूममध्ये अजून गार पाण्याचाच जेट आहे. नोव्हेंबरमध्ये विहीणबाई आणि व्याही जातायत, विहीणबाईंचे गुडघे दुखतात, वाकून मग घेणं त्यांना जमत नाही, म्हणून दोन मिक्सर सांगून ठेवलेत लेकीला आणि त्यांच्या बॅगेत टाकायला अर्ध्या इंची वॉशरचं पाकीट काल आणलं.